जुना फोटो वर्गात दाखवताना विचारायचे चार प्रश्न



इतिहासाच्या किंवा परिसर अभ्यासाच्या तासाला आपण एखादा जुना फोटो दाखवतो, तेव्हा साधारण काय सांगतो? "हे बघा, हे अमुक. त्या काळी लोक असे कपडे घालायचे, अशी पगडी बांधायचे." मुलं बघतात, आपण पान उलटतो. चित्र काढणारा आपल्या मनाने रंग भरू शकतो, पण कॅमेरा समोर असेल तेच टिपतो, म्हणून फोटो म्हणजे पुरावा, असं आपण धरून चालतो.

मला वाटतं, इथे आपण मुलांना अर्धंच शिकवतो. एकोणिसाव्या शतकात फोटो काढणं हे खर्चाचं आणि खटाटोपाचं काम होतं. कोणी तरी ठरवल्याशिवाय, पैसे मोजल्याशिवाय फोटो निघतच नसे. म्हणजे प्रत्येक जुन्या फोटोमागे निदान दोन भूमिका असतात. एक समोर बसलेल्या माणसाची आणि दुसरी फोटो काढायला लावणाऱ्याची. कधी हे दोघे म्हणजे एकच माणूस असतो, तर कधी दोन अगदी वेगळी माणसं असतात आणि त्यातल्या एकाच्या हातात सगळी सत्ता असते. हा फरक चौथी-पाचवीच्या मुलालाही कळतो, फक्त आपण प्रश्न विचारायला हवेत. मी हे चार प्रश्न सुचवते:

१. हा फोटो काढायला कोणी सांगितलं?
२. समोरच्या माणसाला 'नको' म्हणता आलं असतं का?
३. फोटोखाली काय लिहिलं आहे आणि ते कोणी लिहिलं?
४. तयार झालेला फोटो कोणाकडे राहिला?

प्रश्न साधे आहेत, पण त्यांची उत्तरं शोधायला गेलं की इतिहास उलगडत जातो. तीन-चार खरी उदाहरणं घेऊन बघू.

आधी थोडं तंत्र : लोक हसत का नाहीत?

जुना फोटो दाखवला की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे लोक हसत का नाहीत?" उत्तर माहीत असू द्या.

१८३९ साली पॅरिसमध्ये डॅगेरोटाइप नावाची पद्धत जगासमोर आली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा द्यायचा, तो आरशासारखा घासायचा, त्यावर आयोडीनची वाफ द्यायची आणि तो कॅमेऱ्यात ठेवायचा. मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटवायचं. सुरुवातीला समोरच्याला कित्येक मिनिटं हलता येत नसे. पुढे वेळ काही सेकंदांवर आला, तरी मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागे लोखंडी टेकू लावत. एवढा वेळ हसू टिकवून धरणं अवघड. शिवाय तैलचित्रात बसणाऱ्याने गंभीर दिसायचं ही पद्धत आधीपासून होतीच, तीच फोटोत आली.

डॅगेरोटाइपची एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. त्याची निगेटिव्ह नसायची. एक पत्रा म्हणजे एकच फोटो. तो ज्याच्याकडे, चित्र त्याच्याकडे. आपला चौथा प्रश्न इथूनच येतो.

१८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. हे फोटो भेटीला जाताना देतात त्या कार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर चिकटवत. ते स्वस्त पडायचे आणि हव्या तेवढ्या प्रती निघायच्या. लोक ते एकमेकांना पाठवू लागले, विकत घेऊ लागले, अल्बममध्ये लावू लागले. आता फोटो घराबाहेर पडला.

पहिलं उदाहरण : रेंटी आणि डेलिया

वर्ष १८५०. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातलं कोलंबिया शहर. तिथे जोसेफ झीली याचा फोटो स्टुडिओ होता. एरवी तिथे गावातली सुखवस्तू गोरी माणसं चांगले कपडे घालून फोटो काढून घ्यायला यायची. त्या वर्षी मात्र तिथे सात कृष्णवर्णीय माणसांना आणण्यात आलं. ती आली नव्हती, आणली गेली होती. कारण ती गुलामगिरीत होती आणि कायद्याने मालकाची मालमत्ता होती. अल्फ्रेड, डेलिया, ड्राना, फासेना, जॅक, जेम आणि रेंटी ही त्यांची नावं. डेलिया ही रेंटीची मुलगी, ड्राना ही जॅकची.

फोटो हवे होते हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक लुई अगासी यांना. ते मोठे निसर्गशास्त्रज्ञ समजले जात. माणसांचे वेगवेगळे वंश मुळात वेगवेगळे निर्माण झाले, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्याला 'पुरावा' म्हणून त्यांना ही चित्रं हवी होती. त्यासाठी या माणसांचे कपडे उतरवले गेले. समोरून आणि बाजूने फोटो घेतले गेले. मुलींचे फोटो घेतले तेव्हा त्यांच्या वडिलांनाही तिथेच आणलेलं होतं. त्यांना काय वाटलं असेल, ते मी शब्दांत सांगत बसत नाही.

आता आपले प्रश्न लावा. सांगितलं कोणी? प्राध्यापकांनी. नको म्हणता आलं असतं का? नाही. खाली काय लिहिलं? इथे थांबून बघण्यासारखं आहे. या पत्र्यांबरोबरच्या चिठ्ठ्यांवर त्यांची नावं आहेत. पण नावापुढे कोणाच्या मळ्यावरचा हेही लिहिलं आहे. एखाद्या भांड्यावर घरमालकाचं नाव कोरावं तसं. म्हणजे नाव लिहिलं की सन्मान झाला, असं सरळ गणित नाही. नाव कशासोबत लिहिलंय, तेही बघावं लागतं.

आणि फोटो राहिला कोणाकडे? विद्यापीठाकडे. १९७६ साली हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाच्या माळ्यावर हे पत्रे पुन्हा सापडले. आपण रेंटी यांच्या वंशातल्या आहोत असं सांगणाऱ्या तमारा लॅनियर यांनी २०१९ साली विद्यापीठावर दावा लावला. त्यांचा मुद्दा साधा होता. ज्यांची इच्छा कधी विचारलीच गेली नाही, त्यांच्या चित्रावर हक्क कोणाचा? २०२५ साली तडजोड झाली आणि ही चित्रं हार्वर्डकडून दक्षिण कॅरोलिनातल्याच चार्ल्स्टन शहरातल्या आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं. १८५० च्या फोटोचा निकाल लागायला १७५ वर्षं गेली.

एक विनंती. हे फोटो इंटरनेटवर सहज मिळतात, पण मी ते वर्गात दाखवत नाही. तुम्हीही दाखवू नका. ज्यांना एकदा जबरदस्तीने उघडं केलं, त्यांना चाळीस मुलांसमोर पुन्हा तसंच उभं करायची गरज नाही. ही गोष्ट तोंडी सांगितली तरी मुलांना पुरती कळते. 'फोटो का दाखवत नाही' हे त्यांना सांगितलं, तर तोही एक धडाच होतो.

दुसरं उदाहरण : फ्रेडरिक डग्लस

याच काळात, याच देशात, गुलामगिरीत जन्मलेला दुसरा एक माणूस आपल्या पायांनी फोटो स्टुडिओत जात होता. त्याचे फोटो मात्र जरूर दाखवा.

फ्रेडरिक डग्लस यांचा जन्म मेरीलँडमध्ये, साधारण १८१८ चा. नक्की तारीख त्यांना स्वतःलाही माहीत नव्हती, कारण गुलामांच्या मुलांचे वाढदिवस कोण लिहून ठेवणार? लहानपणी बाल्टिमोरला एका घरी कामाला असताना मालकिणीने त्यांना अक्षरं शिकवायला सुरुवात केली. मालकाने ते बंद पाडलं. गुलाम लिहा-वाचायला शिकला तर तो गुलाम राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. त्या मुलाने ते नीट ऐकलं आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकून घेतलं. शिक्षक म्हणून ही गोष्ट आपण वर्गात सांगायलाच हवी.

१८३८ साली ते निसटले. पुढे मोठे वक्ते, लेखक, संपादक झाले. आणि त्यांनी फोटो काढून घेतले. किती? त्यांचे साधारण १६० वेगवेगळे फोटो आज माहीत आहेत. एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त फोटो काढले गेलेले अमेरिकन तेच, असं अभ्यासक सांगतात. अध्यक्ष लिंकन यांच्यापेक्षाही जास्त!

हा हौसेचा प्रकार नव्हता. त्या वेळी वर्तमानपत्रांत, पोस्टरांवर, नाटकांत कृष्णवर्णीय माणसाचं चित्र कसं असायचं? जाड ओठ, बटबटीत डोळे, खुळचट हसू. गोरे चित्रकार आमची चित्रं निःपक्षपणे काढूच शकत नाहीत, अशी तक्रार डग्लस यांनी १८४९ मध्येच आपल्या वर्तमानपत्रातून केली होती. चित्रकाराच्या मनातला ग्रह त्याच्या हातात उतरतो. म्हणून त्यांना कॅमेरा जवळचा वाटला. १८६१ साली, देशात यादवी युद्ध सुरू असताना, त्यांनी बोस्टनमध्ये चक्क 'चित्रं' या विषयावर व्याख्यान दिलं. गरीब माणसालाही आता स्वतःचं चित्र मिळू शकतं, आणि माणूस स्वतःकडे बघू शकला की तो स्वतःत बदलही करू शकतो, असा त्यांचा विचार होता.

त्यांचे फोटो नीट बघा. नीटनेटका काळा कोट, पांढरा शर्ट, विंचरलेले केस, मागे बहुधा साधा पडदा. दिखाऊ सामान जवळपास नाही. बऱ्याच फोटोंत नजर सरळ आपल्याकडे. आणि हसू नाही. इथे कारण फक्त तंत्राचं नाही. 'मालकाच्या घरी सुखात असलेला हसरा गुलाम' हे चित्र गुलामगिरीच्या समर्थकांना फार आवडायचं. डग्लस यांना ते चित्र द्यायचंच नव्हतं.

आता प्रश्न लावा. सांगितलं कोणी? स्वतः. नको म्हणता आलं असतं का? हो. फोटो कुठे गेला? त्यांना हवा तिथे, पुस्तकात, सभेच्या जाहिरातीत, चाहत्यांच्या अल्बममध्ये. यंत्र तेच, देश तोच, रंगही तोच. उत्तरं मात्र रेंटी यांच्या फोटोच्या अगदी उलट.

आपल्यासाठी याचा एक धागा जवळचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामगिरी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. ते लोक कोण, असं मुलांनी विचारलं तर डग्लस यांचा फोटो दाखवा. त्या चळवळीतला तो एक ठळक चेहरा.

तिसरं उदाहरण : सोजर्नर ट्रूथ

ही बाई तर माझी आवडती. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीत जन्मली, तेव्हा तिचं नाव होतं इझाबेला. लिहिता-वाचता कधीच आलं नाही. पण तिच्या लहान मुलाला बेकायदेशीरपणे दूर अलाबामात विकलं, तेव्हा ती कोर्टात गेली आणि मुलगा परत मिळवला. १८४३ साली तिने स्वतःच स्वतःचं नवीन नाव ठेवलं, सोजर्नर ट्रूथ. सोजर्नर म्हणजे वाटसरू आणि ट्रूथ म्हणजे सत्य.

१८६० च्या दशकात ती गावोगाव भाषणं करत फिरायची. खर्च कसा भागवायचा? तिने कार्डाच्या आकाराचे आपले फोटो काढून घेतले आणि ते विकायला सुरुवात केली. एका फोटोत ती खुर्चीवर बसली आहे. अंगावर शाल, डोक्याला टोपी, चष्मा, हातात विणकाम, शेजारी टेबलावर पुस्तक आणि फुलं. कुठल्याही घरंदाज बाईसारखी. दुसऱ्या एका फोटोत तिच्या मांडीवर तिच्या नातवाचा छोटा फोटो आहे. तो नातू गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या सैन्यात होता.

फोटोखाली तिने स्वतःच्या नावाने एक ओळ छापून घेतली. तिचा भावार्थ असा की, मूळ देह जगवण्यासाठी मी माझी सावली विकते. त्या काळी फोटोला 'सावली' म्हणायची पद्धत होती. विचार करा, जिला कधीकाळी देहासकट विकलं होतं, ती बाई आता फक्त आपली सावली विकते, आणि पैसे तिला स्वतःला मिळतात! १८६४ साली तिने फोटोचे हक्कही स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले. एरवी हे हक्क छायाचित्रकाराकडे असायचे.

सही करता न येणाऱ्या बाईने तिसरा आणि चौथा प्रश्न आपल्या बाजूने सोडवून टाकला होता. खाली काय लिहायचं ते तिने ठरवलं आणि फोटो तिचाच राहिला.

आणि आपल्याकडे?

फोटोचं तंत्र आपल्याकडेही लवकर आलं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक भारतीय छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. ज्यांच्याकडे पैसे होते ते शेटजी, वकील, संस्थानिक आपल्याला हवे तसे फोटो काढून घेऊ लागले. पुढे राजा दीनदयाळ यांनी हैदराबादला निजामाच्या दरबारी नाव कमावलं. १८९२ साली तिथे पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ निघाला आणि तो चालवायला बाईच नेमली. म्हणजे पैसा आणि प्रतिष्ठा असेल, तर कॅमेरा तुमच्या पडद्याचाही मान राखायचा.

नसेल तर? त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या 'जाती-जमातीं'चे दोन खंड काढले. त्यातली एक गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. माणसांचे फोटो एका ठिकाणी घेतले, मागचं दृश्य दुसऱ्या ठिकाणचं घेतलं आणि दोन्ही जोडून एक चित्र तयार केलं. आज आपण मोबाईलवर मागचं दृश्य बदलतो, तेच! "कॅमेरा समोर असेल तेच टिपतो" हे वाक्य तेव्हाही खरं नव्हतं.

याहून मोठं काम सरकारी होतं. 'द पीपल ऑफ इंडिया', आठ खंड, १८६८ ते १८७५. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. साडेचारशेहून जास्त फोटो. सुरुवात झाली ती गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांच्या हौसेतून, पण १८५७ च्या उठावानंतर आपण कोणावर राज्य करतो आहोत हे जाणून घेणं सरकारची गरज झाली. हे खंड चाळले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. काही मोजक्या प्रतिष्ठितांची नावं आहेत. बाकी माणूस समोर बसलेला आहे, डोळ्यांत डोळे घालून बघतो आहे, पण खाली त्याचं नाव नाही. खाली जात, जमात, धर्म, गाव. आणि सोबतच्या मजकुरात शेरे, की हे लोक राजनिष्ठ, ते भांडखोर, ते चोरटे. एका माणसाचा चेहरा आणि शेरा सगळ्या जमातीवर.

१८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि देशपातळीवर १९५२ साली रद्द झाला. फोटोंमुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही. पण माणूस न बघता जमात बघायची ही नजर दोन्हींमागे एकच होती. त्या जमातींची मुलं आज आपल्या वर्गात बसतात आणि 'त्या' नजरेचा त्रास त्यांना अजून होतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

या पुस्तकाबद्दल एक प्रसंग नोंदलेला आहे. अलीगढचे सर सय्यद अहमद खान १८६९ साली मुलांसह लंडनमध्ये होते. तिथल्या इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हे खंड पाहिले. आपल्या देशातले लोक असे मांडलेले पाहून त्यांना वाईट वाटलं. तेवढ्यात तिथल्या एका तरुण इंग्रजाने त्यांच्या मुलाला विचारलं, तू हिंदुस्तानीच का? मुलाने हो म्हटलं, पण तो ओशाळला आणि लगेच सांगितलं की आम्ही मूळचे इथले नव्हे, आमचे पूर्वज बाहेरून आलेले.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. फोटोत तो मुलगा नव्हताच. तरी त्या फोटोंनी त्याला आपल्याच लोकांपासून दोन पावलं लांब सरकायला लावलं. चित्राची सत्ता फक्त चित्रातल्या माणसावर चालत नाही, बघणाऱ्यावरही चालते. म्हणून आपण मुलांना काय दाखवतो आणि कसं दाखवतो, हा साधा प्रश्न नाही.

तास कसा घेता येईल?

फार तयारी लागत नाही. डग्लस आणि ट्रूथ यांचे एकेक फोटो आणि 'द पीपल ऑफ इंडिया'मधला एखादा साधा, कपड्यांतला, बसलेल्या माणसाचा फोटो घ्या. आधी खालची ओळ झाका. मुलांना दोन मिनिटं नुसतं बघू द्या. हात कुठे आहेत, नजर कुठे आहे, कपडे स्वतःचे वाटतात का, मागे काय आहे, एवढंच विचारा. मग ओळ उघडा आणि चार प्रश्न फळ्यावर लिहा. शेवटी मुलांना सांगा की नाव नसलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायचा झाला, तर कुठला विचाराल ते वहीत लिहा. पालकांनी घरी हाच खेळ आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोवर खेळून बघावा. फोटोत कोण खुर्चीवर आहे, कोण उभं आहे, कोणाला बोलावलंच नाही, फोटोमागे कोणाचं नाव लिहिलंय. घरातला इतिहास बोलायला लागतो.

काही जण म्हणतील, "एवढ्या लहान मुलांना सत्ता, ओळख असलं जड कशाला?" पण मुलांना हे आपल्याआधी कळतं. मला न विचारता माझा फोटो का काढला, म्हणून पहिलीतलं पोरही रुसतं. आपण त्याच्या रुसण्याला फक्त शब्द देतो.

आणि आपल्या हातातला मोबाईल

आता खरं बोलायचं ते हे. वर्षभरात आपल्या शाळांमधून मुलांचे किती फोटो निघतात! गणवेश वाटप, दप्तर वाटप, वृक्षारोपण, पोषण आहार. लगेच ग्रुपवर, लगेच वर्तमानपत्राला. बहुतेक शाळांतला एक ठरलेला फोटो डोळ्यांसमोर आणा. मधोमध पाहुणे, बाजूला पदाधिकारी, पुढे एक मूल दोन्ही हात पुढे करून दप्तर घेतंय आणि मान कॅमेऱ्याकडे वळवलेली. खाली ओळ, "मा. अमुक साहेब यांच्या शुभहस्ते गरजू विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्याचे वाटप."

चार प्रश्न लावा. सांगितलं कोणी? मुलाने नाही. नको म्हणता आलं असतं का? दप्तर हवंय, सर समोर उभे आहेत, कसं म्हणणार! खाली काय लिहिलं? साहेबांचं नाव आणि मुलाची जमात, 'गरजू'. फोटो कोणाकडे राहिला? सगळ्या गावाकडे, फक्त त्या मुलाकडे नाही.

देणगीदारांचा हेतू वाईट असतो असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांच्या मदतीवर कितीतरी शाळा चालतात. वरून पुरावा मागतात, हेही खरं. पण पुरावा द्यायला मुलाचे पसरलेले हात कशाला लागतात? साहित्याचा फोटो चालतो, सह्यांची यादी चालते. पाहुणे मुलांमध्ये खाली बसून पुस्तक वाचून दाखवताहेत, असा फोटोही चालतो. आणि "मग मुलाचं नाव लिहू की" असंही चटकन म्हणू नका. नावापुढे 'लाभार्थी' लिहिलं, तर रेंटी यांच्या चिठ्ठीसारखंच झालं. नाव लिहायचं तर त्याने काढलेल्या चित्राखाली, त्याने जिंकलेल्या धावण्याच्या शर्यतीच्या फोटोखाली लिहा.

मला सुचतात त्या गोष्टी छोट्या आहेत. फोटो काढण्याआधी मुलाला आणि पालकांना विचारायचं. काढल्यावर तो त्याला दाखवायचा आणि "नको" म्हणाला तर त्याच्यासमोरच काढून टाकायचा. खालची ओळ लिहिताना ती त्या मुलाच्या आईने वाचली तर तिला कसं वाटेल, एवढा विचार करायचा. आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाचा एक चांगला फोटो, त्याला हवा तसा, हवं तिथे उभं राहून काढायचा आणि त्याची प्रत त्याच्या हातात द्यायची. अनेक घरांमध्ये मुलाचा असा एकही फोटो नसतो. दहा-पंधरा रुपयांची प्रत असते, पण ती त्याची स्वतःची असते.

येत्या कार्यक्रमाच्या वेळी मोबाईल बाहेर काढण्याआधी हे चार प्रश्न एकदा मनात म्हणून बघा. तुमच्या शाळेत काही वेगळी पद्धत असेल किंवा माझं म्हणणं पटत नसेल, तर तेही जरूर कळवा. यावर आपण सगळ्यांनी मिळून बोलायला हवं.